नऊ पानं, आठ माणसं

ये सई, अशी जवळ बस. समोर नाहीस, पुण्यात आहेस, ठाऊक आहे मला, तरी बस. आणि तो फोन आधी पालथा घाल.

परवा तुला म्हटलं, दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहून राहिली आहे, तर तू म्हणालीस, "अरे वा आत्या, लिहून झालं पण?" झालं कुठे गं बाई! लिहून राहिली म्हणजे लिहिते आहे, पेन अजून हातात आहे. नागपुरात जन्मलीस आणि पुण्यात वाढलीस, म्हणून काय आमचं बोलणं इतकं परकं व्हावं? वर हसलीस. हसू नको. याच एका शब्दावरून एकदा आमची अख्खी मशीनरूम बंद व्हायची पाळी आली होती.

आणखी एक. मागच्या खेपेला तू लॅपटॉप उघडून बसलीस आणि पडद्यावर पाटी आली: सगळ्या जागा भरलेल्या आहेत, थोड्या वेळानं या. केवढी चिडलीस! टेबलावर हात आपटलास, माझा चहा सांडला. पण बाई, त्या पाटीच्या जागी एके काळी मी होते. जिवंत. मला लोक निदान चहा तरी विचारायचे.

आता बाकीच्या वाचकांसाठी नीट सांगते. ऐंशीच्या दशकाचा शेवट. सिव्हिल लाइन्समध्ये आमची इंजिनिअरिंग डिझाइनची खाजगी कंपनी होती, मुख्य कचेरी मुंबईला. कारखान्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या, मोठमोठ्या मशिनींचे पाये, असली डिझाइनं तिथे व्हायची. मी लागले टेलिफोन ऑपरेटर म्हणून. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि टायपिंग. माझ्या बोर्डाशेजारीच मशीनरूम, म्हणजे कॉम्प्युटरची खोली. तिथे एसी. नागपूरच्या मे महिन्यात एसी म्हणजे काय, हे नागपूरकरालाच विचारा. मी थंडाव्याच्या लोभानं आत डोकावायची, आणि डोकावता डोकावता बघायची. पुढे कळमेश्वरच्या साइटवरून टेलिफोनच्या लाइनीनं आमच्या मशीनला जोडून काम करायचं ठरलं. लाइन लावून देणारी मीच, म्हणून मला आत बसायला स्टूल मिळालं. मशीनसोबत आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. मला कुणी शिकवलं नाही, पण कुणी हाकललंही नाही. हळूहळू स्टुलाची खुर्ची झाली आणि बोर्डावर दुसरी मुलगी आली.

आमच्याकडे डिझाइनचा हिशोब करणारं एक सॉफ्टवेअर होतं. फार महाग. ते विकत मिळत नसे, वापरायची परवानगी मिळायची. ती कशी? पंगतीसारखी. आमंत्रण सगळ्या ऑफिसला, पण पाट आठ. एका वेळी आठच जण बसणार. एक उठला की दुसऱ्यानं बसायचं. दिवसभरात पन्नास जेवोत, देणाऱ्याची तक्रार नाही. एका वेळी नववा बसला की करार मोडला.

आणि मेख अशी, की पंगतीच्या दाराला कडी नव्हती. नववा शिरला तर मशीन त्याला मुकाट्यानं आत घेई. नजर ठेवायची ती आम्ही. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस कधीही येऊन बघणार, आणि त्या वेळी आठाचे नऊ दिसले तर सॉफ्टवेअर परत. आमच्या ऑफिसचे मुख्य वैद्य साहेब फार कमी बोलायचे. त्यांनी मला एकदाच बोलावून सांगितलं, "कुंदाताई, हे गेलं तर नागपूरची मशीनरूम ठेवायला मुंबईवाल्यांकडे काही कारण उरत नाही. डिझाइनवाले जातील मुंबईला. तुमचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही." सांगायला कशाला पाहिजे? मुंबईत मॅट्रिक झालेल्या बाईला मशीनसमोर कोण बसवणार होतं?

तेव्हापासून आठ हा आकडा माझ्या मानेवर बसला. घरी भाकरी थापताना आठवी तव्यावर पडली की हात थांबायचा. सासूबाई म्हणायच्या, "काहून थांबली वं? पीठ तं हाये अजून."

आता तुला वाटेल, मोजायचं तर मोजायचं, त्यात काय एवढं? तर ऐक. आमच्याकडे मशीनं दोन. एक मोठं, जुनं. एक लहान, नवं. दोघांची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, म्हणजे घरचं वळणच वेगळं. आत कोण कोण आहे असं विचारलं, तर मोठं मशीन पानं मोजायचं. पान मांडलेलं आहे ना, मग जेवणारा बसलेला असो की हात धुवायला गेलेला असो, ते त्याला जेवणारातच धरायचं. लहान मशीन वाढप मोजायचं. माणूस एकच, पण त्यानं दोन कामं लावली तर दोन ओळी दाखवायचं. आणि दोन्ही मशिनींचा आपसात अबोला. याची त्याला खबर नाही. करार मात्र दोघांचा मिळून. म्हणजे मला मोजायची होती माणसं, आणि माणसं मोजणारं त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

म्हणून मी बिल्ले काढले. बँकेत पैसे काढताना पितळी बिल्ला द्यायचे ना, तसे आठ बिल्ले इतवारीतून करून घेतले आणि भिंतीवर आठ खिळ्यांना अडकवले. ज्याला बसायचं त्यानं बिल्ला न्यायचा, काम झालं की आणून लावायचा. कळमेश्वरच्या माणसानं फोन केला की त्याच्या नावानं मी एक बिल्ला खिळ्यावरून काढून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकायची. रिकामे खिळे आठ झाले की मी दारात उभी.

लोक काय काय करायचे! एक पांडेजी होते. जेवायला जाताना प्रोग्रॅम उघडा ठेवून जायचे, बिल्ला खिशात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. मी टोकलं तर म्हणायचे, "बहनजी, मैं तो आ ही रहा हूँ." आणखी एक ड्राफ्ट्समन होता, त्याचा बिल्ला शर्टाच्या खिशातून धोब्याकडे गेला. धोबी तो घेऊन बँकेत उभा राहिला, आणि बँकेनं त्याला बसवून ठेवलं. त्याला सोडवून आणायला मी गेले होते. हसतेस ना? मला तेव्हा हसू येत नव्हतं. एक बिल्ला बाहेर म्हणजे एक माणूस हिशोबाबाहेर.

आणि मग लिमये आले.

ते सॉफ्टवेअर कंपनीचे पुण्याचे तपासनीस. आगाऊ कळवणं नाही, काही नाही. ऐन मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. उंच, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि खिशात चक्क कांदा! स्टेशनवरच्या रिक्षावाल्यानं जबरदस्तीनं कोंबला होता, लू लागू नये म्हणून. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा कुणाला परत करायचा असतो का?" मला बरं वाटलं माणूस बघून. मी पन्हं दिलं. एसीत आल्यावर ते कुडकुडायला लागले तेव्हा माझी जास्तीची शाल दिली. शाल पांघरून ते माझ्या शेजारी, माझ्याच जुन्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही तुमचं काम करा. मी नुसता पाहतो."

नुसतं पाहतो म्हणणाऱ्या माणसाची किती धास्ती वाटते, ते तेव्हा कळलं.

भिंतीवर सगळे खिळे रिकामे. सात जण डिझाइनच्या हॉलमध्ये आणि आठवे कळमेश्वरहून गावंडे. मी लहान मशीनला विचारलं, दुहेरी ओळी वगळल्या, तीन जण. मोठ्या मशीनला विचारलं. तिथे पाच यायला हवेत. पडद्यावर ओळी आल्या, आणि मी त्या बोट लावून मोजल्या.

सहा.

तीन आणि सहा. माझं बोट तिथेच थिजलं. लिमयांनी चष्मा वर सरकवला. "ताई, हे एकूण किती झाले?"

मी परत मोजलं. "नऊ."

"हे नाव दोनदा दिसतंय," ते म्हणाले. खरंच, गावंडेंचं नाव दोन ओळींवर होतं. दोन वेगळ्या जागा, दोन्ही उघड्या. तेवढ्यात वैद्य साहेब दारात आले. त्यांनी नऊ ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मी बघितला आणि परत बघायची हिंमत केली नाही.

"त्यांना विचारा ना," लिमये शांतपणे म्हणाले. "काम संपवून नुसते बसले असतील तर एक बंद करता येईल. मी ऐकलं तर चालेल?" एकाच लाइनीवर दोन फोन होते. दुसरा त्यांनी उचलला. मी कळमेश्वरचा दुसरा, बोलायचा नंबर लावला.

"गावंडे भाऊ, काय करून राहिले?"

गावंडे काटोलकडचे, घरी शेती. शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर बोलायची सवय, फोनवरही तोच आवाज. "आवो ताई, काय करून राहिलो म्हंजे? काम करून राहिलो! चिमणीच्या पायाचा हिशोब लावला सकाळपासून. मजूर बसून हायेत, सळया बांधाच्या हायेत. मले पाणी प्याले टाइम नाही!"

लिमयांनी फोनवर हात ठेवला. "काम करून राहिलेत. मग प्रश्नच मिटला. बंद करा त्यांचं."

"बंद काहून करू? करून राहिले नं ते."

"तेच म्हणतोय मी. करून राहिलेत. मग जागा अडवून कशाला ठेवायची?"

मला वाटलं, काय निर्दय माणूस आहे! समोरचा ओरडून सांगतो काम चालू आहे, आणि हा म्हणतो बंद कर. त्यांना वाटलं असणार, काय हट्टी बाई आहे! स्वतःच म्हणते काम झालंय, आणि उठवत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे गावंडेंची चिमणी.

वैद्य साहेब दारातूनच म्हणाले, "कुंदाताई, ते म्हणतात तसं करा."

गावंडेंच्या नावाची ओळ बंद करायची कमांड मी टाइप केली. फक्त शेवटची कळ दाबायची होती. दाबली की दोन्ही जागा एकदम जाणार. मोठं मशीन नावावरून माणूस उठवायचं, ओळीवरून नाही. सकाळपासूनचा हिशोब जाणार, मजूर घरी जाणार, आणि गावंडे मला काय म्हणतील ते फोनशिवायही ऐकू येईल. नाही दाबली तर पडद्यावर नऊ, आणि नऊ म्हणजे मशीनरूम. एसीत बसून माझ्या तळहाताला घाम आला होता, कळ ओली झाली होती. फोनवरचा हात काढून लिमये मला समजावत होते, अगदी मायेनं, की काम झालेल्या माणसाला उठवण्यात अपमान काही नसतो.

तेवढ्यात फोनमधून गावंडे गरजले, "ताई, हे मधात कोण बोलून राहिलं?"

लिमये थबकले. फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडेच बघत राहिले.

"बोलून राहिलं? पण मी तर अजून बोलतोच आहे."

"हो, मग तेच म्हणताहेत ते," मी म्हटलं.

"म्हणजे... बोलून राहिलं म्हणजे बोलतंय?"

"मग दुसरं काय?"

"आणि काम करून राहिलो म्हणजे काम करतोय?"

"हो!"

"अरे देवा," लिमये म्हणाले. "आमच्याकडे करून राहिला म्हणजे केलं आणि मागे थांबला. जेवून राहिला म्हणजे जेवण झालं आणि मुक्कामाला राहिला." त्यांनी माझा हात धरला नाही एवढंच, पण आवाजातून धरला. "ताई, ती कळ दाबू नका."

मी हात मांडीवर घेतला.

पण नऊ तसेच होते बरं. शब्द सुटला, आकडा नाही सुटला. मी गावंडेंना विचारलं, तुमच्या पडद्यावर आत्ता काय आहे?

"काही नाही. लाइन मधात कटली, दुबारा लावली. कोरा हाये पडदा. हिशोब आतमधी चालूच असन नं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाइन तुटली तेव्हा मोठ्या मशीनला कुणी सांगितलंच नाही की माणूस गेला. त्यानं पान तसंच ठेवलं, आणि त्या पानावरचा हिशोब चालू राहिला. गावंडे परत आले ते दुसऱ्या पानावर बसले, रिकाम्या. म्हणजे भूत काम करत होतं आणि जिवंत माणूस नुसता बसला होता. उठवायचं होतं ते जिवंत माणसाला.

"गावंडे भाऊ, तुम्ही उठा. नीट बाहेर पडा आणि मशीनची लाइन ठेवून द्या."

"मी उठलो तं माहा हिशोब?"

"हिशोब बसला आहे. तुम्ही उठा."

"माह्या नावानं कोन बसलं मंग?"

"तुम्हीच."

"ताई, तुमची तब्येत बरी हाये नं?"

"भाऊ, माझ्यावर भरवसा ठेवा आणि उठा!"

उठले बिचारे. कुरकुरत, पण उठले. मी मोठ्या मशीनला परत विचारलं. पाच ओळी. गावंडेंची एकच, आणि तिच्यापुढचा वेळाचा आकडा सरकत होता, म्हणजे हिशोब जिवंत होता. तीन आणि पाच, आठ. मी लिमयांकडे बघितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"ताई, मी नऊ पाहिले," ते म्हणाले.

"तुम्ही नऊ पानं पाहिली. माणसं आठच."

"करारात 'वापरणारे' असं आहे. भूत वापरणारा आहे की नाही, हे करारात नाही." त्यांनी शालीची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "मी जे पाहिलं ते लिहीन. एवढंच सांगू शकतो." आणि कांदा खिशात टाकून ते उन्हात निघून गेले.

संध्याकाळी गावंडेंचा हिशोब पुरा झाला, सळया बांधायला सुरुवात झाली, त्यांनी फोन करून मला ओरडून आशीर्वाद दिला. मला तो लागला नाही. माझं लक्ष पुण्याकडे. दिवस जात राहिले आणि काही कळेना. वैद्य साहेब सकाळी येऊन नुसते माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची. हॉलमधली माणसं बिल्ला न्यायला यायची तेव्हा हळू बोलायची, जशी आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. पांडेजीसुद्धा बिल्ला वेळेवर परत करायला लागले. त्यानं तर मी जास्तच घाबरले.

शेवटी साहेबांनीच मला पुण्याला ट्रंक कॉल लावायला सांगितला. लिमये भेटले. लाइनीत खरखर. मी कसंबसं विचारलं, "साहेब, आमच्या रिपोर्टचं काय?"

"ताई," ते म्हणाले, "मी लिहून राहिलोय."

आणि लाइन तुटली.

सांग सई, काय समजायचं मी? पुण्याच्या माणसाचा शब्द, तर लिहून झाला. आमचा शब्द त्यांनी उचलला असेल, तर अजून लिहिताहेत, अजून काही बदलू शकतं. वैद्य साहेब म्हणाले, "म्हणजे काय? लिहिला, का लिहून राहिले?" मी म्हटलं, "साहेब, तेच तर." त्यांनी कपाळाला हात लावला. परत कॉल लावायची हिंमत दोघांनाही झाली नाही. त्या आठवड्यात मी भिंतीवरचे बिल्ले चिंचेनं घासून लख्ख केले. सोडून जायचं घर झाडावं, तसे.

रिपोर्ट आला तेव्हा साहेबांनी मला आत बोलावून बसायला सांगितलं. लिमयांनी लिहिलं होतं की पडद्यावर नऊ दिसले हे खरं, आणि वापरणारे आठ होते हेही खरं. मोजणी इथे माणूस करतो, म्हणून हा फरक कळला. परवानगी चालू ठेवावी. सॉफ्टवेअर राहिलं. मशीनरूम राहिली. मी राहिले. आपल्या अर्थानं नाही हो, त्यांच्या.

पण रिपोर्टमध्ये शेवटी आणखी एक ओळ होती. पुढच्या आवृत्तीत सॉफ्टवेअरनंच मोजावं, कडी आतून घालावी. चांगल्या मनानंच लिहिलं होतं त्यांनी, माझी धास्ती बघितली होती ना. तशी आवृत्ती आली. नववा आला की पाटी: जागा नाही. लाइन तुटलेल्या माणसाचं पान थोडी वाट बघून आपोआप उचलायचं. माझा जीव हलका झाला, हे खोटं कशाला सांगू? रात्री झोप लागायला लागली, भाकरी मोजायचं थांबलं.

पण एका दुपारी गावंडे स्वतः एसटीनं कळमेश्वरहून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांची लाइन तुटली होती, आणि नव्या कडीनं भुतासकट हिशोब बाहेर काढला होता. ओरडले नाहीत. त्यांचा तो हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "ताई, उठवाच्या आधी ते मशीन एकडाव विचारत काहून नाही, का बाप्पा, काय करून राहिला?"

मी त्यांना चहा दिला. भिंतीवर आठ बिल्ले होते, सगळे खिळ्यांवर, कुणाला नको असलेले.

ते बिल्ले मी निवृत्त होताना मागून घेतले. देवघराशेजारच्या कोनाड्यात आहेत. तू आलीस की दाखवीन. तो लॅपटॉप आणला तरी चालेल, पण पाटी आली तर टेबलावर हात आपटायचा नाही. माझ्याशी येऊन भांडायचं. आंब्याचं लोणचं मुरलंय, वांग्याची भाजी तुला आवडते तशी तर्रीची करीन, आणि दारात तुला अडवणारं कुणी नाही. लवकर ये गं. मी वाट पाहून राहिली आहे.

आणि बाई, एवढं वाक्य तरी पुण्याच्या अर्थानं घेऊ नको.